बुधवारची निरवानिरव

फाइल बंद करायची असेल तर तीन-चार आठवडे आधी सांगायचं असतं, हे मला साडेपाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. २०१८च्या फेब्रुवारीत जर्सी सिटीतल्या माझ्या नेहमीच्या कॉमिक्सच्या दुकानात गेले आणि मालकांना म्हटलं, जुलैत आम्ही कायमचे पुण्याला चाललोय, माझी फाइल बंद करायची आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही उघडली. माझ्या आडनावाचं स्पेलिंग त्या वहीत पहिल्या दिवसापासून चुकलेलं होतं आणि मीही ते कधी सुधारलं नव्हतं. माझ्या नावापुढची यादी बघून ते म्हणाले, "मग स्लॉटबरोबरच निघालात म्हणायचं. तोही जूनमध्ये जातोय. ८०१वा अंक त्याचा शेवटचा."

डॅन स्लॉट. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' लिहिणारा माणूस. २००८मध्ये तो लेखकांच्या चमूतला एक म्हणून आला आणि २०१०च्या ६४८व्या अंकापासून मालिका एकट्याच्या खांद्यावर घेतली. दहा वर्षं. मला वाटलं होतं मी जाईन आणि तो लिहीत राहील, पुण्यात बसून मी फोनवर वाचत राहीन. तोच उठून चालला म्हटल्यावर उगाचच थोडा राग आला. आपण माहेरी जायला निघावं आणि शेजारणीनेही त्याच दिवशी घर सोडावं, तसं काहीतरी.

फाइल म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेत कॉमिक्स दर बुधवारी येतात. दुकानदाराकडे खोके एखाद दिवस आधी पोचतात, पण विक्री बुधवारी. ज्याला जी मालिका नेमाने हवी, तो ती नोंदवून ठेवतो. दुकानदार दर आठवड्याला त्याच्या नावाच्या कप्प्यात अंक काढून ठेवतो, त्याला पुल लिस्ट म्हणतात, आमच्या दुकानात नुसतं 'फाइल'. गंमत अशी की दुकानदाराने मागवलेला माल सहसा परत जात नाही. आपल्याकडे पेपरवाला उरलेली मासिकं परत पाठवतो, तसं इथे नाही. उरला तर त्याच्याच गळ्यात. त्या काळी मोठ्या कंपन्यांचा सगळा माल डायमंड नावाच्या एकाच वितरकाकडून यायचा. त्यांचा 'प्रीव्ह्यूज' नावाचा जाडजूड कॅटलॉग दोन महिने आधी दुकानात येऊन पडायचा आणि अंक यायच्या सुमारे तीन आठवडे आधी दुकानदाराला आकडा पक्का कळवावा लागायचा. म्हणून गिऱ्हाइकाने न सांगता गायब होणं हा या धंद्यातला मोठा अपराध. माझ्या कप्प्याच्या शेजारी एका माणसाचे आठ महिन्यांचे अंक साठलेले मी पाहिले होते. मालक त्या कप्प्याकडे बघून फक्त सुस्कारा सोडायचे.

तर मी यादी बंद केली नाही, शेवट ठरवून घेतला. ८०१पर्यंत द्या, पुढे नको.

*

मी काही लहानपणापासून स्पायडर-मॅन वाचणारी नव्हे. साताऱ्याला आमच्या घरी दादाकडे इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, मराठीतला. वेताळ, मँड्रेक. दुपारी आई झोपली की ते बाहेर निघायचे. १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं. बंद पडलं म्हणजे यायचं थांबलं. शेवट झाला नाही. दादा कितीतरी दिवस स्टँडवरच्या बुकस्टॉलला फेऱ्या मारत होता, आणि तो माणूस "आलं नाही अजून" एवढंच सांगायचा. वेताळाचं पुढे काय झालं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारला नाही, पण सुटलाही नाही.

२०१२च्या सप्टेंबरात नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे इकडे आले. आश्रित व्हिसा, काम करायची परवानगी नाही. २०१५मध्ये काही जणींना ती मिळायला लागली, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यावर पोचलेलं असावं लागायचं. आमचं पोचलं नाही. आल्या आल्या महिनाभरात सँडी वादळ आलं. आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, शेजारच्या होबोकनचं पाथ रेल्वेचं स्टेशन तर डिसेंबरापर्यंत बंद होतं. साडेतीन वर्षांच्या पोराला ढकलगाडीत घालून मी रस्त्यांवरून नुसती भटकायचे, आणि थंडी असह्य झाली की जे दुकान समोर दिसेल त्यात शिरायचे. २६ डिसेंबर, बुधवार, नाताळचा दुसरा दिवस. एका दुकानात दुपारच्या वेळी चांगली गर्दी होती आणि सगळे तावातावाने बोलत होते. मी विचारलं, काय झालं? एक मुलगा जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला, त्याने पीटर पार्करला मारलं.

पीटर पार्कर म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन, आणि मारणारा म्हणजे लेखक, स्लॉट. तो ७००वा अंक. किंमत सात डॉलर नव्व्याण्णव सेंट. तेव्हा प्रत्येक गोष्ट मनात रुपयांत मोजायचे, साडेचारशेच्या घरात गेली. घेतला. त्यात डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे ऑटो ऑक्टेव्हियस, पीटरच्या शरीरात शिरतो आणि पीटर ऑटोच्या मरणाऱ्या शरीरात अडकून मरतो. पुढे वर्षभराहून जास्त काळ खलनायकच स्पायडर-मॅन म्हणून जगतो. हा अंक बाहेर यायच्या आधीच फुटला होता आणि चाहत्यांनी स्लॉटला चक्क जिवे मारायच्या धमक्या दिल्या होत्या. मला यातलं मागचं-पुढचं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की एक माणूस दुसऱ्याच्या आयुष्यात राहायला आलाय, आणि त्याला तिथल्या लोकांची नावं, सवयी, कुणाशी कसं बोलायचं, हे सगळं नव्याने शिकावं लागतंय. त्या डिसेंबरात मला ते फार जवळचं वाटलं. पुढच्या बुधवारी परत गेले.

*

या मालिका संपत नाहीत. पीटर पार्कर १९६२मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी जन्माला घातला आणि तेव्हापासून तो बातम्यांत काय, अंकांत काय, चालूच आहे. मालक कंपनी, मार्व्हल. लेखक म्हणजे वाड्यातला भाडेकरू. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात भाडेकरू जाताना एक पद्धत होती: भिंतीतले खिळे उपटायचे, भोकं चुन्याने बुजवायची, बंबाची राख काढायची, आणि वाण्याची, दूधवाल्याची उधारी चुकती करायची. उधारी ठेवून गेलेल्या एका कुटुंबाचं नाव वाड्यात वीस वर्षं निघत होतं. लेखक मालिका सोडतो तेव्हा नेमकं हेच करायचं असतं, हे मला त्या सहा महिन्यांत बुधवार-बुधवार करत कळलं.

खरं तर आवराआवर माझ्या लक्षात येण्याआधीच सुरू झाली होती. २०१७च्या ऑक्टोबरात अंकाचा क्रमांक एकदम बदलला. आदल्या अंकावर ३२ होता, पुढच्यावर ७८९. मधल्या वर्षांत विक्री वाढवायला मालिका पुन्हा पुन्हा १पासून सुरू केलेली, आता ते सगळे अंक बेरजेला धरून जुनी मोजणी परत आणली. लेक तेव्हा तिसरीत होता. तो म्हणाला, "आई, बत्तीसच्या पुढे सातशे एकोणनव्वद कसं येईल?" मी म्हटलं, मार्व्हलच्या शाळेत येतं.

त्याच सुमाराला पीटर कंगाल झाला. स्लॉटने त्याला मध्ये बडा उद्योगपती केलं होतं, पार्कर इंडस्ट्रीज, जगभर कचेऱ्या. कित्येकांना ते रुचलं नव्हतं. मला आवडलं होतं, गरीब माणूस किती वर्षं गरीबच दाखवायचा? पण जाताना घर होतं तसं परत द्यायचं असतं. हायड्रा या दुष्ट संघटनेच्या हाती काही लागू नये म्हणून पीटरने आपली कंपनी स्वतःच्या हाताने बुडवली. ७९०च्या पुढच्या अंकांत तो पुन्हा डेली ब्यूगल या वर्तमानपत्रात नोकरीला लागला, विज्ञान विभागाचा संपादक म्हणून. फिरून तीच कचेरी आणि तीच पैशांची ओढाताण. वाचताना मला वाटलं कथेला उतार लागलाय. आता वाटतं, तो भोकं बुजवत होता.

खिळ्यांचं ठीक, ते कुणालाही दिसतात. मला उधारीने गाठलं.

जानेवारीत ७९४ आला. दोन वर्षांपूर्वी झोडिअ‍ॅक टोळीचा म्होरक्या स्कॉर्पिओ एका दारातून थेट एक वर्ष पुढच्या काळात फेकला गेला होता. गोष्टीतलं एक वर्ष, वाचणाऱ्यांची जवळजवळ दोन. मी ते साफ विसरले होते. लेखक विसरला नव्हता. तारीख भरली, माणूस दारातून बाहेर आला, त्याचं काय ते झालं, प्रकरण मिटलं. घरी येऊन मी जुना खोका उपसला, २०१६चा तो अंक शोधला, आणि दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवून जमिनीवर बसून वाचले. डाळ करपली त्या दिवशी.

मग ७९५. यात लोकी, कपटी देव. त्या वेळी मार्व्हलच्या दुनियेत डॉक्टर स्ट्रेंजची, म्हणजे सर्वश्रेष्ठ जादूगाराची, गादी लोकीकडे गेली होती. तर या लोकीवर स्पायडर-मॅनचा एक जुना उपकार होता. तो कुठला? मला पत्ताच नव्हता. मालकांना विचारलं, तर ते न बघता म्हणाले, "पाचशे तीन, पाचशे चार." म्हणजे २००४च्या आसपासचे अंक, जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की लिहीत असतानाच्या काळातले. उपकार एका लेखकाच्या राज्यात झालेला, फेडून घेतला दुसऱ्या लेखकाने, चौदा वर्षांनी, जाता जाता. स्वतःची उधारी कुणीही फेडेल. आधीच्या भाडेकरूची वाण्याकडे राहिलेली बाकी कोण चुकती करतं? मला हा अंक त्या सबंध आवराआवरीत सगळ्यात जास्त आवडला, आणि हे मी दुकानात म्हटलं तेव्हा दोघा-तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की बिचारीला कळत नाही. त्यांच्या मते तो भरतीचा अंक होता. असो.

*

याच महिन्यांत घरीही तेच चाललं होतं. वीज, गॅस, इंटरनेट, प्रत्येकाला वेगळी तारीख. लायब्ररीची दोन पुस्तकं सोफ्याच्या मागे सापडली. शेजारच्या तेलुगू मैत्रिणीचा इडलीपात्राचा संच माझ्याकडे, माझा पुरणयंत्राचा सांगाडा तिच्याकडे. भारतीय वाणसामानाच्या दुकानातल्या मावशींकडे साठ सेंट द्यायचे राहिले होते, ते द्यायला गेले तर त्या हसल्या. नवरा म्हणाला, तू यादी करतेस की पंचांग? मी म्हटलं, लोकीकडून शिकतेय. तो समजला नाही, आणि मीही समजावलं नाही.

मार्चमध्ये ७९७ आला आणि शेवटची मोठी कथा सुरू झाली, चार अंकांची. नॉर्मन ऑस्बॉर्न, म्हणजे पीटरचा जुना वैरी, मूळचा ग्रीन गॉब्लिन, कार्नेज या खुनशी खलनायकाचा सिम्बायोट, म्हणजे अंगाला चिकटून ताकद देणारा परग्रहावरचा जीव, अंगात घेऊन लाल गॉब्लिन होतो. स्पायडर-मॅन कोण आहे हे तो विसरलेला असतो, ते त्याला कळतं जोना जेमसनकडून. जोना हा ब्यूगलचा जुना संपादक, आयुष्यभर स्पायडर-मॅनच्या नावाने बोटं मोडणारा. काही महिन्यांपूर्वीच शेजारच्या मालिकेत, चिप झ्डार्स्कीच्या लेखणीतून, पीटरने स्वतः मुखवटा काढून त्याला आपलं नाव सांगितलं होतं. फार सुंदर प्रसंग होता तो. आणि इकडे स्लॉटने त्याच विश्वासाला सुरुंग लावला. छळ सोसता सोसता जोनाच्या तोंडून नाव निसटतं. दुसऱ्या लेखकाने दिलेली भेटवस्तू अशी वापरायची! मला वाईटही वाटलं आणि दादही द्यावीशी वाटली.

७९८, ७९९ पळाले. स्टुअर्ट इम्मोनेनची चित्रं इतकी धावती की वाचून संपल्यावर पुन्हा मागे जाऊन बघावं लागायचं. पीटर जायबंदी, त्याचे मित्र एकेक करून गॉब्लिनला अडवायला पुढे.

३० मे. ८००वा अंक. ऐंशी पानं, नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट, वेगवेगळ्या मुखपृष्ठांचे ढीग. मालक वैतागले होते. अमुक मुखपृष्ठाची एक प्रत हवी तर तमुक प्रती मागवा, असा तो सगळा हिशेब, आणि माल परत जात नाही हे वर सांगितलंच. दुकानात डोनट ठेवले होते. लेकाला शाळेतून थेट घेऊन आले. मुखपृष्ठं बघत त्याने अर्धा तास घालवला आणि शेवटी साधंच उचललं.

आता खरं सांगायचं तर ८०० मला पूर्ण पटला नाही. पाच-पाच चित्रकार, प्रकरणाप्रकरणाला चेहरे बदलतात. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक नातेवाइकाला एकदा तरी वाढायला उभं केलं पाहिजे, तसा जो तो येऊन एकेक वाढून जातो. एडी ब्रॉक, म्हणजे व्हेनम नावाचा जुना शत्रू, आपला सिम्बायोट पीटरला देतो; एकेकाळी तो पीटरच्याच अंगावर काळा पोशाख म्हणून होता, म्हणजे त्या पोशाखाचाही फेरा झाला. ऑटो पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंना वाचवायला धावतो आणि पीटर त्याची पाटी कोरी करतो. हे मात्र मला लागलं. सत्तरच्या दशकात ऑटोचं मे काकूंशी लग्न होता होता राहिलं होतं, आणि माझ्या पहिल्या अंकात याच माणसाने पीटरचं शरीर बळकावलं होतं. ७००मध्ये काढलेलं कर्ज ८००मध्ये फिटलं. शंभर अंकांची मुदत.

आणि फ्लॅश थॉम्प्सन मेला.

फ्लॅश म्हणजे शाळेत पीटरला छळणारा दांडगट पोरगा, आणि स्पायडर-मॅनचा पहिल्या दिवसापासूनचा भक्त. पुढे सैन्यात गेला, इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावले, स्लॉटनेच त्याला २०११मध्ये व्हेनमचा सिम्बायोट देऊन उभं केलं. तो गॉब्लिनशी लढताना मरतो, आणि मरताना कळतं की आपला लाडका स्पायडर-मॅन म्हणजे पीटर, हे त्याने ओळखलं होतं. लेक रडला. मी नाही रडले, मला राग आला. स्वतः उभी केलेली गोष्ट जाताना स्वतःच मोडायची, मागच्या माणसाच्या हाती द्यायची नाही, हे घर सोडताना परसातला पेरू तोडून जाण्यासारखं. तुम्ही लावला होतात हे खरं. पण सावली काय तुमच्या एकट्याची होती?

मालकांशी मी यावर बरंच भांडले. ते म्हणाले, मोठ्या शेवटाला कुणीतरी मरावं लागतं. मी म्हटलं, मग नॉर्मन का नाही मेला? नॉर्मन जिवंतच राहिला, फक्त डोकं फिरून आपण क्लीटस कॅसडी, म्हणजे मूळचा कार्नेजच आहोत, असं समजू लागला. मालक म्हणाले, तो मोठा खलनायक आहे, पुढच्याला लागेल. म्हणजे जातं, पाटा-वरवंटा मालकाचा म्हणून ठेवायचा, आणि पेरू आपला म्हणून तोडायचा. ते हसले. त्यांना पाटा-वरवंटा मी आधी समजावून सांगितला होता.

*

जूनमध्ये खोक्यांचा प्रश्न आला. साडेपाच वर्षांचे बुधवार, लांबुळके पुठ्ठ्याचे तीन खोके. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पांढरा पुठ्ठा. विमानात माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि त्यात सहा वर्षांचा संसार. बोटीने पाठवायचा खर्च कॉमिक्सच्या किमतीच्या वर जात होता. दुकानात विकायला नेले, तर मालकांनी खाली मान घालून जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही. त्यांचाही दोष नाही, हे अंक लाखांनी छापलेले असतात. दोन खोके दिले. तिसऱ्यातून निवडले.

निवडणं हाच खरा शेवटचा वाचनाचा फेरा ठरला. ७०० ठेवला. लेकाने २०१४-१५मधल्या 'स्पायडर-व्हर्स' या कथेचे अंक बाजूला काढले, कारण त्यात पवित्र प्रभाकर आहे. हा मुंबईचा स्पायडर-मॅन, धोतर नेसणारा. २००४मध्ये भारतात त्याची छोटी मालिका निघाली होती, आणि स्लॉटने दहा वर्षांनी त्याला इतर सगळ्या जगांतल्या स्पायडर-मॅनांच्या पंगतीत आणून बसवलं. लेक पाच-सहा वर्षांचा असताना त्याला हे वाचून दाखवलं, तेव्हा धोतर बघून तो म्हणाला होता, "हा आजोबांसारखा." पुढे शाळेत त्याने सगळ्यांना सांगितलं की आजोबा भिंतीवर चढतात.

मी ६५५ ठेवला. २०११चा, म्हणजे माझ्या आधीचा, नंतर जुन्यांच्या पेटीतून घेतलेला. जोनाची बायको मार्ला आदल्या अंकात मरते, आणि या अंकाची सुरुवातीची पानं निःशब्द आहेत: जोनाची सकाळ, पलंगाची एक बाजू रिकामी. चित्रकार मार्कोस मार्टिन. ती पानं मी दरवर्षी एकदा तरी काढून बघते. त्या पानांवरून मला कळलं होतं की हा लेखक गप्पही बसू शकतो, आणि तो गप्प बसतो तेव्हा जास्त चांगला असतो.

२० जूनला ८०१ घ्यायला गेले तेव्हा मुखपृष्ठावर तेच नाव होतं, मार्टिन. स्लॉटने शेवटच्या अंकाला त्याला बोलावलं होतं.

८००नंतर ८०१ म्हणजे पंगत उठल्यावर ओट्याशी उभं राहून खाल्लेला दहीभात. आकडा नाही, सोहळा नाही, नेहमीची किंमत. त्यात कुणी मोठा खलनायक नाही. एक साधा माणूस आहे, ज्याला स्पायडर-मॅनने अगदी सुरुवातीच्या दिवसांत एकदा वाचवलेलं असतं. पुढे तो माणूस जगतो. घर, नाती, वय वाढणं, पोरंबाळं आजूबाजूला. स्पायडर-मॅनला त्याचं नावही माहीत नाही. दहा वर्षांत कंपन्या उभ्या राहिल्या आणि बुडाल्या, माणसं मेली, परत आली, शरीरं बदलली, आणि जाताना लेखक सांगतोय काय, तर एका दुपारी एक माणूस वाचला, म्हणून त्याचं आयुष्य झालं. त्यात फेडायला काही नव्हतं, कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं.

मी तो दुकानातच उभ्या उभ्या वाचला. एरवी मी असं कधी करत नाही, अंक घरी नेऊन, चहा करून वाचते. मालक पलीकडे बिलं करत होते. वाचून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, फ्लॅशचं त्याला माफ केलं. ते म्हणाले, त्याला कळवतो.

*

हे इथेच संपायला हरकत नव्हती, फाइल बंद झाली होती. पण ६ जुलैला बातमी आली की स्टीव्ह डिट्को गेले. मॅनहॅटनमधल्या आपल्या घरात ते जूनच्या शेवटी मृत सापडले होते, वय नव्वद. तेव्हा ८०१ येऊन जेमतेम आठवडा-दीड आठवडा झाला होता. मी संध्याकाळी पोराला घेऊन उगाचच दुकानात गेले. बुधवार नसताना इतकी माणसं मी तिथे प्रथमच पाहिली.

मालकांनी त्या दिवशी जुन्या अंकांच्या पुनर्मुद्रणांचा एक जाड खंड काउंटरवर उघडून ठेवला होता आणि ते कुणाला ना कुणाला ३८ आणि ३९ अंकांमधला फरक दाखवत होते. डिट्को १९६६मध्ये ३८वा अंक काढून मालिका सोडून गेले. ग्रीन गॉब्लिन तोवर दोन वर्षं कथेत होता, पण मुखवट्याखाली कोण, हे वाचकांना सांगितलेलं नव्हतं. ते उघड झालं लगेच पुढच्या, ३९व्या अंकात, ली आणि नवे चित्रकार जॉन रोमिटा यांच्या हातून: नॉर्मन ऑस्बॉर्न.

मी तिथे गप्प उभी राहिले. ज्या गॉब्लिनला घेऊन स्लॉटने आपली निरवानिरव केली, तो गॉब्लिनच मुळात एका माणसाने अर्ध्यावर सोडलेला धागा होता. डिट्कोंनी भोकं बुजवली नव्हती, खिळा तसाच ठेवून गेले होते, आणि त्याच खिळ्यावर पुढच्या सगळ्यांनी बावन्न वर्षं आपापल्या पिशव्या अडकवल्या. माझं वाड्याचं गणित तिथल्या तिथे थोडं बिघडलं. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बाई गं, खिळा कामाचा असेल तर कशाला उपटायचा?

११ जुलैला बुधवार होता आणि आमचं विमान शनिवारी. घरात बसायला फक्त खोकी उरली होती. पोरगा म्हणाला, एकदा शेवटचं जाऊया. नवा लेखक, निक स्पेन्सर, त्याचा पहिला अंक त्याच दिवशी आला होता, क्रमांक पुन्हा १. यादीत नव्हताच, तरी माझ्या कप्प्यात एक प्रत ठेवलेली होती, चुकीच्या स्पेलिंगच्या चिठ्ठीसकट. मालकांनी पैसे घेतले नाहीत. मी घरचा शेवटचा चिवडा पिशवीत घालून नेला होता, तो दिला.

रात्री चिकटपट्ट्यांच्या आवाजात तो वाचला. पहिल्याच अंकात पीटरची पीएचडी जाते. कारण ती त्याने मिळवलेली नव्हतीच. ऑटो त्याच्या शरीरात असताना त्याने ती पीटरच्या नावावर मिळवली होती, आणि आता प्रबंध ऑटोच्याच जुन्या लिखाणावरून उचललेला निघतो. २०१३मधली गोष्ट! मी स्वतः बुधवारी बुधवारी वाचलेली. इतक्या उधाऱ्या फेडल्या, लोकीची सुद्धा वसूल केली, आणि ही एवढी मोठी बाकी कुणाच्याच वहीत नव्हती. मी एकटीच हसत सुटले.

"काय झालं?" नवऱ्याने खोक्यापलीकडून विचारलं.

"पीटरची डॉक्टरेट गेली."

"कुठल्या पीटरची?" तो म्हणाला, आणि चिकटपट्टीचं टोक शोधायला लागला.